धूर दिसतो, पण तेल कोठले?

तर्कशास्त्राच्या वर्गात शिरणाऱ्या प्रत्येकाला डोंगरावरचा धूर भेटतोच. डोंगरावर धूर दिसला की तेथे अग्नी असला पाहिजे असे अनुमान करून आपण मोकळे होतो. या लेखातला धूर डोंगरावरचा नाही. तो आमच्या घरच्या जुन्या येझदी मोटारसायकलच्या दोन सायलेन्सरांतून निघत होता, आणि त्यावरून करावयाचे अनुमान अग्नीचे नसून तेलाचे होते. तेल जळते आहे हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही कळत होते. पण ते तेल इंजिनात कोणत्या वाटेने शिरले हे कळल्याखेरीज इलाज करता येत नाही, आणि न कळता केलेला इलाज चांगल्या इंजिनाचा जीव घेतो.

संपादक मंडळातील काही मित्रांनी विषय ऐकून नाके मुरडली. कला शाखेच्या वार्षिकांकात कार्बोरेटर शोभत नाही, असे त्यांचे म्हणणे. माझे म्हणणे इतकेच की पुरावा गोळा करणे, साक्षी ताडून पाहणे आणि घाईने निष्कर्ष न काढणे हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला जितके लागते तितकेच गॅरेजातही लागते. फरक एवढाच, की तेथे हात काळे होतात.

गाडीचे कुळ थोडक्यात सांगतो. जावा हे मूळचे चेकोस्लोव्हाकियातले नाव. यानेचेक या उद्योजकाच्या आणि वाँडरर या जर्मन कंपनीच्या नावांतली पहिली अक्षरे जोडून ते १९२९ साली तयार झाले. भारतात म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याने १९६१ पासून या गाड्या बनवायला घेतल्या, पुढे सत्तरच्या दशकात त्यांनाच येझदी हे नाव दिले, आणि १९९६ साली तो कारखाना बंद पडला. २०१८ मध्ये जावा आणि २०२२ मध्ये येझदी ही नावे बाजारात परत आली खरी, पण त्या नव्या गाड्या फोर-स्ट्रोक आहेत. या लेखातले एक अक्षरही त्यांना लागू नाही. आमची गाडी जुन्या वंशातली : एकच सिलिंडर, त्याचा व्यास ६५ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर, आणि एका सिलिंडरला दोन सायलेन्सर. आजोबांनी ती १९८२ साली नवी घेतली आणि गावोगावच्या शाळा तपासण्यासाठी तिच्यावरून वाई, पाचगणी, महाबळेश्वर असा मुलूख पालथा घातला.

आता टू-स्ट्रोक म्हणजे काय ते पाहू, कारण सारा घोटाळा तेथूनच सुरू होतो. आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक गाड्या फोर-स्ट्रोक आहेत. त्यांच्या इंजिनाच्या तळाशी तेलाचा साठा असतो. ते तेल आत फिरत राहते, सगळ्यांना वंगण देते आणि पुन्हा तळाशी येऊन बसते. पेट्रोलचा आणि त्याचा संबंध येत नाही. टू-स्ट्रोकमध्ये ही सोय नाही. तेथे पिस्टनच्या खालची जागा, म्हणजे क्रँक फिरतो ती पेटी, भात्यासारखी वापरली जाते. पिस्टन वर गेला की पेटीत ओढ निर्माण होते आणि कार्बोरेटरमधून हवा-पेट्रोल आत येते. पिस्टन खाली आला की तेच मिश्रण दाबले जाऊन बाजूच्या वाटांनी सिलिंडरमध्ये चढते. लोहाराच्या भात्यात तेल साठवून ठेवता येईल काय? तसेच हे. म्हणून वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच कालवून द्यायचे. पेट्रोल पुढे जळून जाते, तेलाचा ओलावा बेअरिंगला, पिस्टनला आणि सिलिंडरच्या भिंतीला लागतो, आणि आपले काम झाले की तेही जळत, अर्धवट जळत सायलेन्सरची वाट धरते. येथे तेलाचा प्रत्येक थेंब एकदाच वापरला जातो. त्यामुळे थोडा निळसर धूर हा या इंजिनाचा रोग नसून स्वभाव आहे. सकाळी पहिल्या किकनंतर मिनिटभर धूर निघाला म्हणून घाबरणारा माणूस टू-स्ट्रोक पाळण्याच्या लायकीचा नाही, असे आजोबा म्हणतात.

आमच्या गाडीचा धूर मात्र स्वभावाच्या पलीकडे गेला होता. चौकात उभी केली की मागचा रिक्षावाला तोंडाला रुमाल लावी. महिन्यातून दोनदा प्लग बदलावा लागे. नोंदणीच्या नूतनीकरणाची मुदत जवळ येत होती, आणि वडिलांनी भंगारवाल्याकडे भावाची चौकशीही करून ठेवली होती. अखेरचा उपाय म्हणून दोन गॅरेजे झाली. पहिल्या ठिकाणच्या तरुण कारागिराने धूर पाहताच निकाल दिला : रिंगा गेल्या, सिलिंडर बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन बसवावा लागेल. दुसरीकडे सांगितले : तेल फार घालता, निम्मे करा.

दोन्ही सल्ल्यांचा जरा विचार करू. निळा धूर म्हणजे रिंगा, हे समीकरण फोर-स्ट्रोकचे आहे. तेथे पिस्टनच्या खाली तेलाचा साठा असतो, रिंगा झिजल्या की ते तेल वर चढते आणि जळते. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनच्या खाली साठाच नाही, तर वर चढणार काय? रिंगा झिजल्या तर किक हलकी लागेल, ओढ कमी होईल, गाडी गरम असताना सुरू व्हायला कुरकुर करेल. पण नुसत्या रिंगांमुळे तेलाचा धूर वाढत नाही. त्या कारागिराला दोष देण्यात अर्थ नाही. तो ज्या गाड्यांवर शिकला त्यांच्यात हे निदान बरोबरच ठरले असते. पण सिलिंडर एकदा कापून मोठा केला की तो पुन्हा लहान होत नाही, आणि एवढा खर्च करून धूर होता तेथेच राहिला असता.

दुसरा सल्ला त्याहून धोक्याचा, कारण त्याला पैसे लागत नाहीत. धूर तेलाचा आहे, म्हणून तेल कमी करा, हे ऐकायला सरळ वाटते. पण जास्तीचे तेल टाकीतून येतच नसेल तर? मग टाकीतले तेल निम्मे केल्याने पिस्टनचा घास तेवढा काढून घेतला जातो, आणि धूर मात्र दुसऱ्या वाटेने चालूच राहतो. भर रस्त्यात पिस्टन सिलिंडरला चिकटून मागचे चाक जाम होणे हा त्याचा शेवट. ज्यांनी हे अनुभवले आहे ते क्लच दाबायला किती क्षण मिळतात याचे वर्णन करताना अजूनही हात पुढे करून बोटे आवळतात.

म्हणून पहिला प्रश्न : जास्तीचे जे काही आहे ते तेलच आहे का? कारण पेट्रोल जास्त झाले तरीही प्लग काळा पडतो. चोक उघडा राहिला, कार्बोरेटरमधला फ्लोट बुडू लागला, सुई झिजली, हवेची जाळी कोंदली, तर इंजिनाला हवेच्या मानाने पेट्रोल अधिक मिळते. त्या वेळी प्लगवर बसते ती कोरडी, मखमलीसारखी काजळी. बोटाने पुसली की निघते. तेलाचा प्लग निराळा. तो ओला, चकचकीत, डांबर फासल्यासारखा दिसतो आणि बोटे चिकट करतो. संशय राहिलाच तर एक घरगुती चाचणी आहे. प्लगवरचा ओलावा वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर टिपायचा आणि कागद वाऱ्यावर ठेवायचा. पेट्रोलचा डाग उडून जातो. तेलाचा डाग राहतो, आणि उजेडासमोर धरला की भजी बांधलेल्या कागदासारखा पारदर्शक दिसतो. आमचा कागद दुसऱ्या दिवशीही पारदर्शक होता. तेव्हा आरोपी तेल, हे ठरले.

प्लग पाहायचा तो मात्र गाडी चांगली चालवून, चालत्या वेगातच इंजिन बंद करून मग काढलेला. दहा मिनिटे दारात नुसती फुरफुरत ठेवलेल्या गाडीचा प्लग कोणत्याही निरोगी इंजिनाला आजारी ठरवील.

यानंतर वाटांचा शोध. सर्वात पहिली आणि सर्वात सामान्य वाट पेट्रोलच्या टाकीची. जुन्या खनिज तेलांच्या काळात या गाड्यांना पंचवीस भाग पेट्रोलला एक भाग तेल घालीत, म्हणजे लिटरला ४० मिलिलिटर. गाडी नवी असताना वीसला एक, म्हणजे ५०. लोक चुकतात ते बहुधा दोन ठिकाणी. टाकीत आधीच मिश्रण शिल्लक असते आणि तेल मात्र पूर्ण टाकीच्या हिशेबाने ओतले जाते. किंवा हिशेब बरोबर असतो, पण तेल नीट कालवले जात नाही. तेल पेट्रोलपेक्षा जड. थंडीच्या सकाळी आधी पेट्रोल भरून वरून तेल ओतले आणि गाडी न हलवता किक मारली, तर तळाला गेलेले तेल आधी कार्बोरेटरमध्ये उतरते. अशा गाडीचे लक्षण सोपे आहे : पेट्रोल भरल्यावर पहिले काही किलोमीटर धुराचे लोट, पुढे सगळे स्वच्छ. हे स्वच्छ दिसणे फसवे असते, कारण नंतरच्या पेट्रोलात तेल कमी असते. तेल आधी थोड्या पेट्रोलात कालवून मग टाकीत ओतावे, हा यावरचा बिनपैशाचा उपाय. एकदा नीट मिसळलेले तेल पुन्हा सहजासहजी वेगळे होत नाही.

येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. तेल जास्त घातले की इंजिन अधिक सुरक्षित, असा जुन्या मंडळींचा समज असतो. पण कार्बोरेटरच्या भोकातून येते ते मिश्रण. त्यात तेलाचा वाटा वाढला की पेट्रोलचा वाटा तेवढा घटतो. पन्नासाला एक या प्रमाणात लिटरभर मिश्रणात पेट्रोल सुमारे ९८० मिलिलिटर असते, पंधराला एक या प्रमाणात सुमारे ९३७. हवा तेवढीच, पेट्रोल कमी, म्हणजे इंजिन थोडे अधिक तापणार. फरक फार मोठा नाही. पण 'जास्त तेल म्हणजे थंड इंजिन' हे वचन खरे नाही एवढे त्यावरून दिसते.

आमच्या बाबतीत ही वाट तपासायला एक अमोल साधन हाताशी होते. आजोबांनी गाडी घेतल्यापासूनची वही ठेवली आहे. तारीख, मैलाचा आकडा (पुढे किलोमीटर), पेट्रोल किती, तेल किती, आणि शेवटी शेरा. शाळा तपासणाऱ्या माणसाची वही ती. तिच्यात खाडाखोड नाही. मी ती मागून पुढे वाचत गेलो. लिटरला ४० मिलिलिटर हे प्रमाण चाळीस वर्षांत बदललेले नाही. डबा, माप आणि ओतणारा हातही तोच. मग प्रमाण तेच असताना धूर गेल्या दोन वर्षांत का वाढावा? टाकीची वाट येथे बंद झाली, आणि दुसरा सल्ला त्याबरोबरच निकालात निघाला.

त्याच वहीच्या शेऱ्यांच्या रकान्यात मात्र भलतीच साक्ष सापडली. पूर्वी गिअरपेटीच्या तेलाचा उल्लेख वर्षातून एकदा, तोही 'बदलले' असा. गेल्या दोन वर्षांत मात्र 'गिअर ऑइल थोडे घातले' ही नोंद दर दोन-तीन महिन्यांनी होती. मी आजोबांना विचारले, "आजोबा, हे तेल खाली गळत होते का?" ते म्हणाले, "गळले असते तर तुझ्या आजीने अंगणातल्या फरशीवरून मला ऐकवले नसते का?" फरशीवर डाग नाही, आणि पेटीतले तेल तर कमी होते. मग ते जाते कोठे?

ही वाट समजण्यासाठी इंजिनाच्या आत पुन्हा एकदा जावे लागेल. या गाडीवर आपण बसलो की डाव्या हाताला क्लच आणि इंजिनाची शक्ती गिअरपेटीकडे नेणारी आतली साखळी असते. हा सगळा भाग तेलात बुडालेला, आणि त्याचे व गिअरपेटीचे तेल एकच. उजव्या हाताला डायनॅमो आणि पॉइंट. ती बाजू कोरडी. क्रँकचा दांडा दोन्ही बाजूंनी पेटीबाहेर येतो, आणि तो बाहेर येतो त्या प्रत्येक ठिकाणी रबराची एक कडी, म्हणजे ऑइल सील, त्याला घट्ट मिठी मारून बसलेली असते. भाता भात्यासारखा चालायचा तर या दोन सीलांनी हवा अडवली पाहिजे. रबर वयाने कडक होते, गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर आणखी लवकर, आणि मग त्याची मिठी सैल पडते.

उजवे सील गेले तर कोरड्या बाजूची हवा आत ओढली जाते. मिश्रण पातळ होते, इंजिन तापते, थ्रॉटल सोडला तरी वेग उतरत नाही. धूर मात्र वाढत नाही. डावे सील गेले तर पिस्टनच्या प्रत्येक वरच्या फेरीला भाता गिअरपेटीतले तेल चोखून घेतो. ते तेल जळण्यासाठी बनवलेलेच नसते, म्हणून धूर दाट, पांढुरका, डोळ्यांना झोंबणारा. टू-स्ट्रोकच्या तेलाच्या धुराला एक ओळखीचा गोडसर वास असतो. हा वास करपट. आणि मौज अशी की थ्रॉटल बंद असताना कार्बोरेटरची वाट अडलेली असते, त्यामुळे पेटीतली ओढ अधिक तीव्र होते आणि सीलमधून तेल जास्त येते. पसरणी घाट उतरून वाईच्या सपाटीवर थ्रॉटल उघडला की आमच्या गाडीमागे जो ढग उठे तो पाहून लोक वळून बघत. टाकीतल्या तेलाचा दोष असता तर त्याने चढावर, पेट्रोल भरपूर जात असताना, अधिक धूर दिला असता. उतारानंतरचा धूर सीलकडे बोट दाखवतो.

येथवर जमले ते सगळे परिस्थितिजन्य पुरावे. इंजिन उघडण्यापूर्वी प्रत्यक्ष प्रमाण हवे होते. ते मिळाले आमच्या डॉक्टर काकांच्या दवाखान्यातून, रक्तदाब मोजण्याच्या जुन्या यंत्राच्या रूपाने. पाऱ्याच्या नळीचे नव्हे, घड्याळासारखा काटा असलेले. त्याचा फुगा आणि काटा तेवढे घ्यायचे, दंडाला बांधायचा पट्टा काढून ठेवायचा. गाडीचे दोन्ही सायलेन्सर उतरवून त्या तोंडांना लाकडी गुट्ट्या आणि सायकलच्या ट्यूबचे रबर लावून बुच मारले. कार्बोरेटर काढून त्याच्या जागी पत्र्याची चकती बसवली आणि तिच्यात सायकलच्या व्हॉल्व्हची नळी. पिस्टन तळाशी आणून ठेवला, म्हणजे सिलिंडर आणि क्रँकपेटी आतून एकमेकांना जोडलेली राहतात. मग फुगा दाबत काटा ३०० वर नेला. हा दाब चौरस इंचाला सहा पौंडांच्या जरा आत येतो. या कामाला तेवढाच योग्य, त्याहून अधिक देऊ नये, नाहीतर चांगली सीलेही जागची हलतात.

निरोगी इंजिनात काटा अगदी हळूहळू उतरतो. आमचा काटा वीस सेकंदांत शंभराखाली आला. आता हवा कोठून पळते ते पाहायचे. हेडच्या आणि सिलिंडरच्या सांध्यांवर, चकतीभोवती, उजव्या सीलवर साबणाचे पाणी लावले, बुडबुडा नाही. मग गिअरपेटीचे तेल भरण्याचे झाकण उघडून तेथे कान लावला. बारीक फुसफुस ऐकू येत होती. काकांनी स्टेथोस्कोपची नळी तोंडाशी धरली आणि रोग्याला सांगावे तशा स्वरात म्हणाले, "डावीकडे आहे."

या चाचणीची एक मर्यादा सांगितली पाहिजे. फुगा दाब देतो, ओढ देत नाही. आणि काही सीले अशी झिजतात की दाबाला टिकतात पण ओढीला उघडी पडतात. म्हणून काटा पडला तर दोष सिद्ध होतो, पण काटा टिकला म्हणून सील निर्दोष सुटत नाही.

पुढचे काम मिस्त्रींचे. क्लच आणि साखळी उतरवल्याखेरीज या सीलपर्यंत हात जात नाही, आणि क्रँकवरचे दातांचे चाक ओढणीशिवाय हातोड्याने ठोकून काढणे म्हणजे नव्या रोगाला आमंत्रण. निघालेल्या सीलची कड नखाने दाबून पाहिली तर रबराऐवजी बेकलाइट हाती लागल्यासारखे वाटले. उजवे सील चांगले होते, तरी तेही त्याच वेळी बदलले. दोघांचे वय एकच. सगळा खर्च सिलिंडर बोअर करून नवा पिस्टन घालण्याच्या अंदाजाच्या पाव हिश्शातही आला नाही.

तेल शिरण्याच्या आणखी दोन वाटा आहेत. त्या आमच्याकडे नव्हत्या, पण ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे त्यांच्यासाठी लिहितो. रात्री पेट्रोलचा कॉक उघडा राहिला आणि फ्लोटची सुई झिजलेली असली, तर मिश्रण थेंबथेंब क्रँकपेटीत उतरते. कालांतराने त्यातले पेट्रोल उडून जाते, तेल मागे राहते. दोन महिने उभी राहिलेली गाडी पहिल्या किकला जड लागते, प्लग न्हाऊन निघतो, सुरू झाल्यावर पाच-दहा मिनिटे गाव धुराने भरते आणि मग जणू काही झालेच नाही. तेथे इंजिन खोलू नये. सुई बदलावी आणि कॉक बंद करण्याची सवय लावावी. दुसरी वाट स्वतंत्र तेलपंप असलेल्या गाड्यांची. येझदीचाच ऑइल किंग हा प्रकार तसा होता. अशा गाडीत तेलाची टाकी वेगळी असते आणि पंप गरजेप्रमाणे तेल सोडतो. त्याची उलट वाट अडवणारी झडप सैल झाली की उभ्या गाडीत तेल झिरपते; आणि कित्येकदा नवा मालक सवयीने पेट्रोलमध्येही तेल घालतो, म्हणजे दुहेरी खुराक.

सील बदलल्यावर आम्ही मोठ्या उत्साहाने किक मारली, आणि धूर पूर्वीइतकाच निघाला. वडिलांनी माझ्याकडे पाहिले ते मी येथे लिहीत नाही. पण हा धूर अपेक्षित होता. दोन वर्षे जे तेल इंजिनातून गेले ते सगळे जळाले नव्हते. बरेचसे सायलेन्सरच्या आत साचून बसले होते, आणि सायलेन्सर तापला की तेच उकळून बाहेर येत होते. पुष्कळ माणसे याच टप्प्यावर धीर सोडतात, सील वाया गेले असे समजतात आणि पुन्हा टाकीतल्या तेलावर राग काढतात. आम्ही दोन्ही सायलेन्सरांच्या आतल्या जाळ्या बाहेर ओढल्या. त्यांची भोके कोळशाच्या लेपाने बुजली होती. पोलादी जाळ्या लाकडाच्या जाळात लाल करून ठोकल्या, सायलेन्सरमध्ये कॉस्टिक सोड्याचे पाणी रात्रभर भरून ठेवले आणि सकाळी भरपूर पाण्याने धुतले. (कॉस्टिक सोडा हातमोज्यांशिवाय हाताळू नये, आणि ॲल्युमिनियमच्या भागांना तो खाऊन टाकतो, हे लक्षात ठेवावे.) सुरू केल्यावर दोन्ही टोकांशी तळहात धरून पाहिले; झोत सारखा. एका बाजूला झोत क्षीण लागला तर ती नळी अजून कोंदलेली आहे असे समजावे.

पीयूसीविषयीही दोन शब्द लिहितो, कारण त्याबद्दल गैरसमज फार. पेट्रोलच्या गाडीची ही तपासणी डोळ्यांना दिसणारा धूर मोजत नाही. ती इंजिन मंद चालत असताना कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले हायड्रोकार्बन मोजते. ३१ मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकींना २००४ च्या नियमांप्रमाणे पहिल्याची मर्यादा साडेचार टक्के आणि दुसऱ्याची दहा लाखांत नऊ हजार भाग आहे. टू-स्ट्रोकमध्ये ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच बाहेर निसटतो, म्हणून दुसरा आकडा मुळातच चढा असतो. त्यात गिअरपेटीचे तेल मिसळले की विचारायलाच नको. आमची गाडी दुरुस्तीनंतर दोन्ही मर्यादांच्या आत आली आणि नूतनीकरणाचे कागद पुढे सरकले. म्हणून ती निर्मळ झाली असे नव्हे. नव्या फोर-स्ट्रोक गाडीच्या मानाने ती अजूनही हवा अधिक बिघडवते, आणि ती रोज कॉलेजला नेण्याचा माझा विचार नाही.

सील बदलल्यापासून गाडी सहाशे किलोमीटर चालली. त्यात पसरणी घाट चार वेळा उतरून झाला. गिअरपेटीच्या पातळीचा स्क्रू उघडला की तेल भोकाच्या कडेला जेथे होते तेथेच आहे. आजोबांनी वहीत तशी नोंद केली आहे. आता वाद उरला आहे तो मापाचा. आजची कमी धुराची तेले, ज्यांच्या डब्यावर जासो एफसी असे लिहिलेले असते, जुन्या खनिज तेलांपेक्षा बरीच स्वच्छ जळतात, आणि लिटरला ३० मिलिलिटर पुरे असे मिस्त्रींचे व माझे मत आहे. आजोबा ४० वर ठाम आहेत. त्यांचे म्हणणे, चाळीस वर्षे बेअरिंग बदलावे लागले नाही, तेव्हा पुरावा त्यांच्या बाजूचा. वही त्यांच्याच ताब्यात असल्यामुळे सध्या तरी ४० चालू आहे.